मास मीडिया, कम्युनिकेशन शिकायचंय? ठाणे-नवी मुंबईतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. सोसायटीतल्या काकू, कळव्याचा मामेभाऊ, शाळेतली मैत्रीण जिची मुलगी आता कॉलेजला जाणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. मी ठाण्यात वाढले, मास मीडिया केलं, आधी एका स्थानिक पेपरात होते, मग पीआर (जनसंपर्क) एजन्सीत आणि आता ऐरोलीला एका कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये आहे, म्हणजे हे क्षेत्र तीन बाजूंनी बघून झालंय. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय, ज्याला हवं त्याने पुढे पाठवा.

कम्युनिकेशन म्हणजे पत्रकारिताच ना?

पत्रकारिता हा त्यातला एक भाग. उदाहरण देते. नवी मुंबईला पाणी मोरबे धरणातून येतं. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की सूचना येते, भाषा साधारण अशी, "तांत्रिक कामास्तव अमुक विभागातील पाणीपुरवठा खंडित राहील, नागरिकांनी सहकार्य करावे". आता ही वाचणार कोण? टॉवरमध्ये टाकी असते, सेक्रेटरी ग्रुपवर टाकतात, तिथे विषय संपतो. पण गावठाणातल्या चाळीत जी बाई नळाला पाणी आलं की भरून ठेवते तिला एवढंच कळायला हवं की आज रात्री सगळं भरून ठेव, उद्या दिवसभर येणार नाही. हे तिच्यापर्यंत पोचवायचं कसं, पेपरातून, व्हॉट्सॲपवर, रिक्षाला भोंगा लावून, की रेशन दुकानाच्या दारावर कागद चिकटवून? मराठीत की हिंदीतपण? आणि पोचलं की नाही हे आपल्याला कळणार कसं?

हेच सगळं कम्युनिकेशनमध्ये शिकतात. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४८ मध्ये हे पाच प्रश्नांत मांडलं होतं, कोण सांगतंय, काय सांगतंय, कुठल्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय. पहिल्या वर्षी मुलं हे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. मी मात्र आजही प्लांटमधल्या कामगारांसाठी साधी नोटीस लिहिताना हे पाच प्रश्न मनात म्हणून घेते, आणि दर दोन-तीन नोटिसांमागे एक तरी पुन्हा लिहावी लागते.

बीएमएम, बीएएमएमसी, एमएसीजे... एवढी नावं का?

मुंबई विद्यापीठाचा पदवी कोर्स आधी बीएमएम होता, २०१९ पासून त्याचं नाव बीएएमएमसी झालं, म्हणजे बीए इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन. लोक अजून बीएमएमच म्हणतात, कोर्स तोच समजा. बीएएमएमसीत तिसऱ्या वर्षी जर्नलिझम की ॲडव्हर्टायझिंग हे निवडायचं असा पॅटर्न राहिलाय. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स असे पर्याय आले आणि विषयांची मांडणीही बदलतेय, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सिनियरचं ऐकून जाऊ नका, कॉलेजचं यंदाचं प्रॉस्पेक्टस बघा. एमएसीजे म्हणजे त्यानंतरचं एमए, कम्युनिकेशन अँड जर्नलिझममधलं.

इकडे जवळपास कुठे शिकता येतं?

ठाण्यात चेंदणीला खाडीकाठी जोशी-बेडेकर कॉलेज आहे, नेरुळला एसआयईएस, नवीन पनवेलला पिल्लई. यांच्याशिवायही बरीच कॉलेजं हा कोर्स देतात, काही खाजगी विद्यापीठंही आहेत ज्यांची फी खूप जास्त असते. एमएसाठी विद्यापीठाचा स्वतःचा विभाग कलिनाला आहे, ठाण्याहून काय किंवा वाशीहून काय, कुर्ल्याला उतरून जाता येतं.

नावाच्या मागे लागून रोज दोन तास उलट दिशेला प्रवास करू नका हे मी अगदी मनापासून सांगते. या कोर्सला संध्याकाळचा वेळ लागतो. नाटक बघायचं, एखाद्या सभेला जायचं, शूट करायचं, एडिटला बसायचं. जी मुलं लोकलमध्ये लटकून दमून घरी येतात त्यांचा नेमका हाच वेळ जातो. ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाल्यापासून ठाण्याच्या मुलाला नेरुळ आणि कोपरखैरण्याच्या मुलीला ठाणे, दोन्ही सोपं झालंय, त्याचा फायदा घ्या.

कॉलेज बघायला गेलात की इमारत बघू नका. ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, गेल्या वर्षी तुम्ही स्वतः काय बनवलंत, कॅमेरा हातात किती वेळा मिळाला, एडिटिंगचे कॉम्प्युटर चालू आहेत का, लॅब जर्नल, म्हणजे मुलांनी स्वतः काढलेला पेपर, निघतं का, बाहेरून शिकवायला कोण येतं. दहा मिनिटांत सगळं कळतं.

सायन्स किंवा कॉमर्स घेतलंय, चालेल का? सीईटी असते का?

चालतं. तिन्ही शाखांच्या मुलांना प्रवेश मिळतो, मेरिट लिस्ट शाखेप्रमाणे लावायची पद्धत आहे. बीएमएस-बीबीएला जी राज्याची सीईटी लागते तिच्यात बीएएमएमसी येत नाही, पण काही कॉलेजं आणि खाजगी विद्यापीठं स्वतःची परीक्षा किंवा मुलाखत घेतात. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी मात्र विसरू नका, ती राहिली म्हणून धावपळ होताना मी दरवर्षी बघते. सायन्सची मुलं या क्षेत्रात कमी येतात आणि आली की त्यांना चांगलं काम मिळतं, कारण आरोग्य, पर्यावरण, तंत्रज्ञान यांवर कळेल असं लिहिणारी माणसं शोधून सापडत नाहीत.

मी मराठी मीडियमची आहे, इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो, म्हणून जरा जास्त लिहिते.

इंग्रजी लागेल, खोटं कशाला सांगू. पुस्तकं, एजन्सीतली प्रेझेंटेशन्स, क्लायंटच्या मेल, सगळं त्यात चालतं. पण ते तीन वर्षांत येतं, रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचा आणि तिचा सारांश पाच ओळींत लिहा, एवढं सलग वर्षभर करा. मी केलंय, मीपण ठाण्याच्या मराठी शाळेतली.

मराठी मात्र अशी तीन वर्षांत येत नाही. तुमच्याकडे ती आधीच आहे आणि बाजारात तिची किती टंचाई आहे हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. एखाद्या बँकेचं किंवा ॲपचं मराठी पान उघडून बघा. कर्जासाठी अर्ज करायच्या बटणावर लिहिलेलं दिसेल "आता लागू करा". काय लागू करा? इंग्रजीतला "अप्लाय" हा शब्द कोणीतरी शब्दकोशात बघून टाकला, त्या शब्दाचे दोन अर्थ होतात हे बघायला मराठी येणारा माणूस तिथे नव्हता. जाहिरातींचं तेच, मूळ कल्पना हिंदीत किंवा इंग्रजीत सुचते आणि मराठी शेवटच्या दिवशी घाईघाईत उतरवली जाते, मग आपल्या आजीच्या तोंडी कधीच येणार नाही असं वाक्य टीव्हीवरची आजी बोलते. हे दुरुस्त करणारे लोक लागतात. कॉपी म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणारे, सबटायटल करणारे, डबिंगचे संवाद लिहिणारे, ॲपमधले छोटे छोटे मजकूर लिहिणारे, ज्याला आता यूएक्स रायटिंग म्हणतात. आमच्याच कंपनीत सुरक्षेचे बोर्ड मराठी आणि हिंदीत नीट लिहून घ्यायला माणूस मिळेपर्यंत काही महिने गेले, अर्ज भरपूर आले होते पण "सदर ठिकाणी प्रवेश निषिद्ध आहे" याच्या पलीकडे कोणी जात नव्हतं. आम्हाला हवं होतं, "आत गॅस आहे. मास्क लावल्याशिवाय दार उघडू नका."

तर आवाज खाली घालू नका. मराठी वाचत राहा, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथलं सभासद व्हा. व्याकरण पक्कं करा. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, पेपराच्या संपादन डेस्कवर गेली की उपसंपादक नाव लक्षात ठेवतात.

थिअरीचा काही उपयोग होतो का, की नुसते प्रॅक्टिकल बघायचे?

होतो. मी कॉलेजात असताना थिअरीच्या लेक्चरला मागे बसायचे आणि नंतर नोकरीत तेच आठवायला लागलं. एकच गोष्ट सांगते. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी एका गावातल्या मतदारांचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो छापला, त्यातून अजेंडा सेटिंग हा विचार आला. माध्यमं लोकांना काय मत बनवा हे सांगू शकतील न सांगतील, पण कशाबद्दल विचार करा हे ठरवतात.

आता आपला ठाणे जिल्हा घ्या. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकची बातमी आठवड्यातून किती वेळा दिसते? आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरच्या पाण्याची? भातसा, तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं त्याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर जातो. ती बातमी एप्रिल-मेमध्ये एकदा येते, हंडे घेतलेल्या बायकांचा फोटो येतो, पाऊस पडला की पुढच्या वर्षापर्यंत सगळं शांत. घोडबंदरला पेपर घेणारी, जाहिराती बघून फ्लॅट घेणारी माणसं राहतात हे एक कारण आहे. थिअरी येत नसेल तर हे नुसतं "मीडिया विकला गेलाय" असं वाटतं आणि विचार तिथेच थांबतो, थिअरी येत असेल तर नेमकं कुठे ढकलायचं ते कळतं.

दुसरं, भारतातले प्रयोग वाचा. १९७५-७६ मध्ये साइट नावाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. ज्या गावात बस जात नव्हती तिथे टीव्ही पोचला. मला हे वाचून कॉलेजात पहिल्यांदा वाटलं की आपण शिकतोय ते मोठं काहीतरी आहे.

माध्यमांचा कायदा हा विषयपण जीव लावून करा. बदनामी म्हणजे काय, राज्यघटनेतलं १९(१)(अ) काय देतं आणि १९(२) कुठे अडवतं, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा. २००५ च्या त्या कायद्याने पेपरात असताना मला जेवढ्या बातम्या दिल्या तेवढ्या कुठल्याही ओळखीने दिल्या नाहीत.

नोकऱ्या कुठल्या कुठल्या असतात?

लोकांना रिपोर्टर आणि अँकर दोनच माहीत असतात. पेपरात डेस्क असतो, तिथे उपसंपादक कॉपी तपासतात, मथळे देतात, पान लावतात. चॅनेलमध्ये कॅमेऱ्यासमोर एक माणूस दिसतो तेव्हा मागे असाइनमेंट (कोण कुठली बातमी करणार ते ठरवणारे), आउटपुट (बातमीपत्र तयार करणारे), रंडाउन म्हणजे बातम्यांचा क्रम लावणारे, ग्राफिक्सवाले, एडिटर अशी मोठी टीम असते. जाहिरातीत कॉपीरायटर, क्लायंट सर्व्हिसिंग म्हणजे ग्राहक कंपनीला सांभाळणं, मीडिया प्लॅनिंग म्हणजे जाहिरात कुठे आणि कधी द्यायची ते ठरवणं. पीआर एजन्सीत प्रेस नोट लिहिणं, पत्रकारांना फोन करणं, कव्हरेजचा रिपोर्ट बनवणं, आणि एखाद्या क्लायंटकडे अपघात झाला की रात्रभर जागणं.

ज्या वाटा कोणी सांगत नाही त्या सांगते. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना कारखाने आणि आयटी पार्क आहेत, यातल्या मोठ्या कंपन्यांना इंटर्नल कम्युनिकेशन लागतं, म्हणजे कंपनीच्या आतल्या माणसांशी बोलणं. न्यूजलेटर, सुरक्षा सप्ताह, नवी पॉलिसी समजावून सांगणं, कंत्राटी कामगारांना त्यांच्या भाषेत सांगणं. दिसायला साधं काम, पण नीट केलं तर माणसं वाचतात, हे मी पोटतिडकीने सांगते कारण आमच्याकडे एका सोप्या भाषेतल्या बोर्डमुळे एक मुलगा बंद टाकीत उतरता उतरता थांबलाय.

सरकारी नोकरी हवी असेल तर राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्हा माहिती अधिकारी हे पद त्यातलं, त्याच्या जाहिराती एमपीएससीकडून येतात. लोकराज्य मासिक हेच खातं काढतं. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे, ती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळते. महापालिका, सिडको यांच्याकडेही जनसंपर्क विभाग असतात. शिवाय हॉस्पिटलं, संस्था, एनजीओ, यांना आरोग्य आणि शिक्षणाच्या मोहिमा चालवायला माणसं लागतात. शिकवायची आवड असेल तर एमए करून नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या, मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझम असा त्यात विषय आहे.

पगार किती मिळतो?

सुरुवात कमी असते. स्थानिक पेपरात सगळ्यात कमी, चॅनेल आणि एजन्सीत थोडा बरा, कंपनीत त्याहून बरा पण कंपन्या सहसा अनुभव मागतात. पहिली दोन-तीन वर्षं घरी राहून ढकलता येतात हा ठाणे-नवी मुंबईच्या मुलांचा मोठा फायदा आहे, बाहेरगावच्या मुलांना भाडंच परवडत नाही. ऑफर आली की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती यावर खूश होऊ नका, हातात किती येणार, पीएफ आहे का, की रिटेनरवर, म्हणजे पक्क्या नोकरीऐवजी कंत्राटावर, घेताय, रात्रपाळीला गाडी देता का, हे लाजू नका, विचारा.

इंटर्नशिप कशी मिळवायची? ओळख नाहीये.

ओळख करून घ्यायची असते. पेपर उघडा आणि शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात बघा, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण, कुठे छापला, कार्यालयाचा पत्ता, सगळं असतं, कायद्याने छापावंच लागतं. अनेकांना माहीत नसतं पण मुंबईच्या मोठ्या पेपरांचे छापखाने आपल्या महापे-ऐरोलीच्या एमआयडीसीत आहेत. ठाणे वैभवसारखे स्थानिक पेपर आहेत, मोठ्या पेपरांच्या ठाणे पुरवण्या आहेत. ६ जानेवारीला, १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केलं म्हणून पत्रकार दिन असतो, पत्रकार संघांचे कार्यक्रम होतात, तिथे जा आणि बोला.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बायोडेटा कोणी वाचत नाही. तुमच्या वॉर्डातल्या तीन गोष्टी लिहून न्या. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजाराची, पारसिक बोगद्याजवळच्या वस्तीची, तलावपाळीला रात्री भेळ विकणाऱ्याची, काहीही, पण स्वतः जाऊन, माणसांशी बोलून.

आणि नावं. हे जरा स्पष्टच सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका अपघाताची बातमी केली, गेलेल्या माणसाचं आडनाव पोलिसांच्या फोनवर ऐकलं तसं लिहिलं. छापून आलं ते चुकीचं. दोन दिवसांनी त्यांची मुलगी कात्रण घेऊन ऑफिसात आली. ती ओरडली नाही, तिने फक्त विचारलं की हे आता बदलता येईल का, आम्हाला जपून ठेवायचंय. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण पहिलं कात्रण तसंच राहिलं. तेव्हापासून मी समोरच्या माणसाला माझ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायला सांगते.

मुलीला पाठवावं का? रात्रपाळी असते म्हणे.

काकू, असते. चॅनेलमध्ये पहाटेची आणि रात्रीची शिफ्ट असते, पेपरात रात्री उशिरा पान सुटतं. घरापर्यंत गाडी मिळते का ते आधी लेखी घ्या. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि इंटर्न, ट्रेनी यांनाही त्यात संरक्षण आहे. लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलीला हे पाठ करून पाठवा. आणि पाठवा नक्की. बायकांच्या वॉर्डात, बाळंतपणाच्या बातमीला, घरकामगारांच्या चाळीत जाऊन जे मला कळलं ते पुरुष सहकाऱ्याला कोणी सांगितलं नसतं.

एआय सगळं लिहितंय, मग शिकून काय करू?

प्रेस नोट इकडची तिकडे करायची, दहा ओळींची साधी कॅप्शन लिहायची, ही कामं खरंच कमी झालीत, मी एजन्सीतल्या मैत्रिणींकडून ऐकते. पहिल्या वर्षी नवीन मुलांना हीच कामं मिळायची, त्यामुळे सुरुवात अवघड झालीय हे मान्य केलं पाहिजे. पण प्रभाग समितीच्या बैठकीत जाऊन बसणं, चिडलेल्या माणसाकडून खरं काय ते काढून घेणं, आलेला व्हिडिओ खरा की जुना हे तपासणं, यासाठी कोणीतरी तिथे जावंच लागतं. मशीनने दिलेल्या मराठीतलं काय चुकलंय हे ओळखायलाही मराठी यावी लागते. टूल्स शिका, पण कॉलेजच्या असाइनमेंट त्यांच्याकडून करून घेऊ नका, हात तयार होत नाही.

मला इन्फ्लुएन्सर व्हायचंय, डिग्री कशाला?

डिग्रीशिवाय होता येतं. पण पैसे घेऊन एखाद्या वस्तूबद्दल बोललात तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगायचं असतं, एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१ मध्ये त्याचे नियम काढलेत, ते आधी वाचा.

महागडा कॅमेरा, लॅपटॉप घ्यावा लागेल का?

पहिल्या वर्षी अजिबात नाही. बरा मोबाइल आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. आवाज खराब असेल तर कितीही भारी चित्र असलं तरी लोक पुढे सरकतात, म्हणून पैसे आधी माइकवर.

पदवीनंतर लगेच एमए करू का?

मी म्हणेन आधी एक-दोन वर्षं काम करा, मग कळतं आपल्याला काय येत नाही. पर्याय बरेच आहेत, कलिनाचं एमएसीजे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईतलं झेवियर्सचं एक्सआयसी. आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) एक केंद्र अमरावतीला आहे, तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात, फार लोकांना माहीत नाही.

आणि सीटच नाही मिळाली तर?

तर मराठी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, काहीही घेऊन साधं बीए करा आणि नंतर या विषयात पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एमए करा. मी ज्यांच्याकडून डेस्कचं काम शिकले त्या सरांचं बीए इतिहासात होतं. महापालिकेचं बजेट वाचता येणारा अर्थशास्त्राचा मुलगा आमच्या पेपरात सगळ्यात आधी कायम झाला. तीन वर्षं दर आठवड्याला एक गोष्ट लिहा, तारीख घालून फाइलला लावा, आणि ती फाइल घेऊन भेटायला या, मी वाचेन.